आंबट पान

मुतखड्याची कळ सकाळीच उठली, म्हणून वच्छलाबाईंनी उजाडता उजाडता अंगणातल्या पानफुटीचं पान तोडून तोंडात टाकलं आणि लगेच थुंकलं. दात आंबले. कितीतरी वर्षं त्या हे पान खात होत्या, पण नेहमी संध्याकाळी, जेवणाआधी. तेव्हा ते पचपचीत लागायचं.

आदल्या दिवशी शेजारचा चुडामण तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन अंगणाच्या कडेनेच गेला होता. त्यानेच झाडावर ते मारलं असणार, असं त्यांनी धरून टाकलं.

चुडामण दुपार कलल्यावर शिंदखेड्याच्या बाजारातून परतला, तर त्याच्या ओट्यासमोर अर्धी गल्ली जमलेली.

"काय टाकं रे मना झाडवर?" वच्छलाबाई ओरडल्या. "माले माराले निंघना का तू?"

चुडामणने बाजाराची पिशवी खाली ठेवली. "अक्का, मी काहीच टाकं नही."

"मंग पान आंबट कसं?"

तो सरळ त्यांच्या अंगणात गेला. पानफुटीची दोन जाड पानं खुडली आणि सगळ्यांदेखत तोंडात कोंबली.

वच्छलाबाई पुढे धावल्या. "थुक! चुडामण, थुक पहिले!"

त्याने चावून गिळलं. त्याची सून मयुरी धावत आली.

"काहीच चव नही," तो म्हणाला.

वच्छलाबाईंनी एक पान चाखलं, मग दुसरं. पचपचीत. लोक आता त्यांच्याकडे बघू लागले. "सकाळी आंबट व्हतं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"खरं बोलताय अक्का," मयुरी म्हणाली. धुळ्याच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकली होती. "कपाशी दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेते, त्यात तिचं पाणी उडतं. पानफुटी उन्हात छिद्रं मिटते, रात्री उघडते. रात्री घेतलेल्या हवेचं आम्ल करून पानात साठवते. दिवसभर तेच आम्ल मोडून आतल्या आत अन्न बनवते. म्हणून सकाळी आंबट, संध्याकाळी सपक."

कोणाचाच विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच चुडामणने पुन्हा पान चावलं आणि त्याचे डोळे गच्च मिटले. "चिंच शे का काय!"

वच्छलाबाईंनीही पान चाखलं, आंबटच. लग्न होऊन आल्यापासून हे झाड दारात होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"काल खाताना तुले भ्या नही वाटनं?" त्यांनी विचारलं.

"वाटनं ना. तणनाशक वारावर उडेल असतं तर?"

"मंग खादं कसाले?"

"मी जहर टाकं म्हनीसन तू बठ्ठा गावले सांगी ऱ्हायनी व्हती, अक्का."

वच्छलाबाई तडक चुडामणच्या ओट्यावर चढल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐका रे बठ्ठा! मनी चूक व्हयनी."