कडूबा देवीडॉक्टर

कडूबाने डबीतून सुई बाहेर काढली, तशी मंजुळाबाईने पोराला पदराखाली ओढलं आणि मेंढवाड्याच्या काटेरी कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. आता ही बाई ऐकत नाही, हे कडूबाने ओळखलं. देवीची लस टोचत कन्नड तालुक्यात फिरताना त्याला नऊ वर्षं झाली होती. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणत. नावाला डॉक्टर, शिक्षण सातवी. गावोगाव टोचायचं आणि आठव्या दिवशी परत जाऊन फोड धरला का ते बघायचं, एवढंच त्याचं काम. गावातली पोरं शाळेत सापडायची. धनगरांचा तळ मात्र आज इथे, तर परवा घाटाखाली.

मंजुळाबाईचा नवरा मल्हारी मेंढरं घेऊन डोंगरात गेला होता. तिची सासू दगडाबाई बसल्या जागेवरूनच बोलत होती. निजामाचं सरकार चराईपट्टी घ्यायला यायचं, हे नवं टोचायला येतंय, एवढाच काय तो फरक. पोट दुखलं तर आम्ही ओवा खातो, हाड मोडलं तर बांधतो, मेलं तर पुरतो. आमच्या दुखण्याशी सरकारचं काय घेणं-देणं?

कडूबाने नेहमीसारखं समजावलं. देवी एकाला आली की साऱ्या तळाला धरते, म्हणून हे ज्याचं त्याने बघायचं दुखणं नव्हे. मंजुळाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"आन टोचल्यावर पोराला काय झालं तर?"

"तर सरकार हाय की, माय."

"सरकार म्हंजी कोन? आमी जायाचं कुनाकडं?"

नऊ वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. ऊन चढत होतं, तळावरची सगळी पोरं अजून बाकी होती, आणि हिने ऐकलं असतं तर बाकीच्या बायाही ऐकणार होत्या.

"माझ्याकडं या," कडूबा म्हणाला. "कन्नडला बाजारामागं घर हाय माझं. कुनालाबी इचारा."

तिने पदर बाजूला केला. पोर दीड वर्षाचं, नाव सोनाजी. त्याचं नाक वाहत होतं, मध्येच खोकत होतं. आजारी पोराला बरं झाल्यावर टोचायचं, हे कडूबाला शिकवलेलं होतं. पण तळ हलला की पुन्हा कुठे शोधणार? त्याने टोचलं.

आठव्या दिवशी तो गेला तेव्हा तळ अजून तिथेच होता, फोड छान धरला होता, आणि सोनाजीला श्वास घेववत नव्हता. दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तीन दिवसांचा ताप होता, म्हातारीने पोटावर डागलंही होतं. मल्हारी पोराला उचलून कडूबासमोर आला. कडूबाच्या पिशवीत लस, सुई आणि कापूस. चौथी वस्तू नव्हती.

तो मल्हारी-मंजुळाबाईला आणि पोराला घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात गेला. तिथली डॉक्टरची जागा दिवाळीपासून रिकामी होती. कंपाउंडर बद्रीनाथ माणूस वाईट नव्हता. त्याने होतं ते औषध पाजलं आणि कडूबाला बाजूला घेऊन सांगितलं, की फोड धरला ना, मग तुझं काम झालं. ज्याचं पोर त्याला बघू दे.

कडूबाने सायकल तिथेच भिंतीला लावली आणि तो त्यांच्याबरोबर औरंगाबादच्या एस.टी.त चढला.

शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांना कुणी हाकललं नाही. खाट मिळाली, पोराच्या नाकाला नळी लागली. तुम्ही कोण, असं कारकुनाने विचारलं तेव्हा कडूबाने ओळखीचा म्हणून सांगितलं आणि कागदावर स्वतःची सही केली. पाणी आण, नर्सला बोलाव, डॉक्टर काय म्हणाले ते मल्हारीला समजावून सांग, असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी सोनाजी गेला.

कडूबाने तरुण डॉक्टरला व्हरांड्यात गाठलं. माझ्या टोचण्याने तर झालं नाही ना, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया होता, लसीचा काही संबंध नाही; दोन दिवस आधी आणायला हवं होतं. हे ऐकूनही कडूबाला हलकं वाटलं नाही. तो मल्हारीपाशी जाऊन बसला.

"त्या दिशी त्याचं नाक वाहत व्हतं," तो म्हणाला. "म्या बघितलं व्हतं. तरीबी टोचलं."

मल्हारी उठला आणि पोराला गुंडाळायला घोंगडी आणायला गेला. परतीच्या गाडीत मंजुळाबाई घोंगडीत गुंडाळलेलं पोर मांडीवर घेऊन बसली होती. कडूबा मागच्या बाकावर होता. कन्नडला उतरून दोघं डोंगराच्या वाटेला लागली. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

तीन दिवस न सांगता कामावरून गेला म्हणून साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब ओरडले नाहीत. तू एकेकाला घेऊन शहरात बसलास तर बाकीच्या पोरांना कोण टोचणार, एवढंच त्यांनी विचारलं. साहेबांचंही खोटं नव्हतं. पुढे तो फिरतीवर जाई, टोची, पण माझ्याकडं या, असं कुणाला म्हणेना. डोंगराकडची वस्ती त्याने फकिरा नावाच्या आपल्या कामातल्या जोडीदाराला देऊन टाकली. मल्हारी कधी समोर आलाच तर काय बोलायचं, ते मात्र तो सायकल चालवताना मनात जुळवायचा आणि मोडायचा.

पुढच्या चैत्रात एका सकाळी त्याची बायको आवडाबाई अंगण झाडता झाडता आत आली आणि म्हणाली, कोणी बैलगाडी घेऊन आलंय, तुम्हाला विचारतात.

दारात मल्हारी उभा होता. गाडीत वाकळेवर एक कोवळी पोरगी ओठ दाबून पडली होती आणि तिच्या उशाशी मंजुळाबाई. वर्षभर जुळवलेलं सगळं कडूबा विसरला.

"धाकटी भावजय हाय," मल्हारी म्हणाला. "कालपासनं अडलीय. औरंगाबादची गाडी कवा हाय?"

"साडेसातला," कडूबा म्हणाला. "मी येतो."

तो आत गेला आणि त्याने खुंटीवरचा सदरा अंगात घातला. बटणं काही केल्या काजात जाईनात. आवडाबाईने केरसुणी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि एकेक करून ती त्याची बटणं लावू लागली. बाहेर मंजुळाबाई त्या पोरीच्या तोंडावर उन्हाला आडवा पदर धरून बसली होती.