पत्राखाली नाव कुणाचं?

मी हिंजवडीतल्या एका कंपनीचा लॅपटॉप बोलतोय. सध्या माझा मुक्काम तळमजल्यावरच्या स्टोअररूममध्ये आहे. लोखंडी मांडणीवर माझ्यासारखेच मिटलेले आणखी काही जण आहेत, पण आम्ही एकमेकांशी बोलत नाही. बोलायला वीज लागते.

खोक्यातून बाहेर आलो तो थेट केदारसाहेबांच्या टेबलावर. त्यांना नवा लॅपटॉप मिळाला आणि मी त्यांच्या हाताखालच्या दीपमालाकडे गेलो. माणसं जुना शर्ट देतानासुद्धा धुऊन देतात. मला मात्र कळांवर सांडलेल्या चहासकट दिलं. दीपमालाने कापसाने एकेक कळ पुसली, तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं.

ती पुसदची. कंपनीच्या मनुष्यबळ विभागात पत्रं लिहायचं तिचं काम. राहायची जवळच्या हॉस्टेलवर, एकटी. खोलीतली मुलगी लग्न होऊन गेली, तिच्या जागी कुणी आलं नाही. संध्याकाळी आईचा फोन यायचा.

"जेवली का वं?"

"जेवली."

एवढ्यावर बोलणं संपायचं. मग ती मला उघडून बसे. दिवसभर शेकडो लोकांना पत्रं धाडणाऱ्या या मुलीला स्वतःला मात्र कुणी चार ओळी लिहीत नसे.

तिची एक सवय होती. लिहिलेलं पत्र ती हळू आवाजात वाचायची, समोर ते घेणारा माणूस बसलाय असं समजून. अडखळली की वाक्य खोडायची.

मग कंपनीने कर्मचाऱ्यांना ने-आण करणाऱ्या बसगाड्या बाहेरच्या ठेकेदाराकडे द्यायचं ठरवलं. चालकांना कमी करायचं होतं. त्यांना मराठीतून पत्र द्यायचं, म्हणून काम दीपमालाकडे आलं. केदारसाहेबांनी नमुना पाठवला होता : 'संघटनात्मक पुनर्रचनेच्या अनुषंगाने आपल्या सेवांचा पुनर्विचार करण्यात येत आहे.' तिने तो वाचला आणि पहिल्याच ओळीत थांबली. नोकरी गेली की राहिली, हेच त्यातून कळत नव्हतं.

तिने नवं पत्र लिहिलं. 'आपली नोकरी ३० जूनला संपत आहे, हे कळवताना वाईट वाटते.' पुढे अनुभवाचा दाखला कधी मिळेल ते. आणि शेवटी, 'आपला व कुटुंबाचा वैद्यकीय विमा त्याच दिवसापर्यंत चालू राहील.'

केदारसाहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते.

"विम्याचं कशाला? विचारतील त्यांना सांगू."

"विचारतील कुणाला, सर? खाली नुसतं 'मनुष्यबळ विभाग' लिहिलंय."

"मग तुमचंच नाव घाला. फोन नंबरही घाला. दोन दिवसांत हौस फिटेल."

तिने दोन्ही घातलं.

फोन सुरू झाले, संध्याकाळी खोलीवरही. मी टेबलावर उघडा असायचो, सगळं ऐकायचो. एकाने शिव्या दिल्या, त्या तिने शेवटपर्यंत ऐकून घेतल्या. एक जण नुसता रडला. तिचा आवाज मऊ होत गेला. हॉस्टेलची खोली इतकी बोलकी मी कधी पाहिली नव्हती.

एकदा वारज्याहून हिंदुराव नावाच्या चालकाचा फोन आला.

"म्याडम, मालकिणीच्या पोटात गाठ हाय. दिवाळीनंतर बघू म्हणत हुतो. पत्रात इम्याची तारीख वाचली आन् परवाच ऑपरेशन करून घेतलं. बरी हाय आता."

दीपमालाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हाय का लाइनीवर?"

"आहे, काका. बरं केलंत."

फोन ठेवल्यावर तिने ते पत्र पुन्हा उघडलं आणि नुसतं बघत बसली.

जून संपला, चालक गेले. दिवाळीनंतर कंपनीने ऑफिसातलेही लोक कमी केले. एका सकाळी माझ्याच पडद्यावर दीपमालाला पत्र आलं. पुनर्रचना, अनुषंग, पुनर्विचार. सही नव्हती. तिने तीन ओळींचं उत्तर लिहिलं : शेवटचा दिवस कोणता, विमा कधीपर्यंत, दाखला कधी. पाठवलं, आणि लगेच परत आलं. त्या पत्त्यावर उत्तरं स्वीकारली जात नव्हती. केदारसाहेबांची खुर्ची चार पावलांवर होती. ते पाठ फिरवून बसले होते.

मला स्टोअरमध्ये जमा करायचं होतं, त्या दुपारी हिंदुरावांचा फोन आला. त्यांना कुठूनतरी कळलं होतं.

"तुम्हाला पत्र कुणी लिवलं?"

"कुणीच नाही, काका. आपोआप आलं."

"आज वारज्याला या जेवायला. मालकीण कवाची म्हणतीय, त्या म्याडमला बघायचंय."

"बघते, काका."

"बघती न्हाय. या."

तिने डोळे पुसले, मला पुसलं आणि झाकण मिटलं.

इथं आल्यावर माझ्या पोटातलं सगळं पुसून टाकलंय म्हणे. तरी हे कसं राहिलं, मला सांगता येत नाही. मागणं एकच आहे. कुणाला पत्र लिहाल तर ते वाचणारा समोर बसलाय असं समजून लिहा. वाईट बातमी असेल तर आधी ती सांगा, आणि मग पळून जाऊ नका.

दीपमाला त्या संध्याकाळी वारज्याला गेली का? मला वाटतं, गेली असावी. पण हे ज्याला विचारावं, असं इथं कुणी नाही.