कोरडं कातकाम

जपान्यांनी रंगून घेतलं आणि लोणावळ्यातल्या त्या लहानशा कारखान्यात ब्रह्मदेशाहून येणारे तेलाचे डबे बंद झाले. आंदर मावळातला हौशीराम तिथं लेथवर लोखंडाच्या पिना कातायचा. कातताना लोखंड कापणारं टूल तापू नये म्हणून त्यावर सतत तेलाची धार लागे. आता तीच आटली.

त्याची बायको झुंबरबाई नुकतीच तापानं गेली होती. तेरावं उरकून तो तडक कामावर आला. कुणी विचारपूस केली की म्हणायचा, बरं चाललंय.

फोरमन गंगाधरपंतांनी आधी साबणाचं पाणी सोडून पाहिलं. टूल टिकलं, पण सकाळी बघतात तर पिना गंजलेल्या. सोडा घातला, तरी डाग राहिलेच. नुसतं कोरडं कातलं तर टूलची धार जळून जाई. शेवटी पंतांनी कॉम्प्रेसरची हवा नळीनं आणली आणि नेमकी टूलच्या टोकावर सोडली. ही युक्ती बसली. धार शाबूत राहिली, पिना स्वच्छ निघाल्या. बाकीचे कामगार कौतुकानं बघायला जमले. हौशीरामनं पुढची सळई चढवली.

हवेनं लोखंडाचा कीस मात्र चहूकडं उडायचा. तापून निळं पडलेलं एक वेटोळं त्याच्या मनगटावर येऊन चिकटलं. तो कातत राहिला. कातडं जळाल्याचा वास पंतांना आला, तेव्हा त्यांनी धावत येऊन लेथ थांबवला आणि चिमट्यानं तो कीस काढला.

“अरे, भाजलंय तुला. कळत नाही का?”

परक्याचा हात बघावा तसं हौशीरामनं मनगटाकडं पाहिलं.

“न्हाई, पंत. ती गेल्यापासनं काईच कळत न्हाई.”

पंत त्याला घरी जा म्हणाले. घरी जाऊन करू काय, असं त्यानं विचारलं. पंतांनी त्याच्या मनगटावर खोबरेल लावलं. मग दोघांनी मिळून पत्रा कापला आणि कीस अडवायला टूलपुढं आडोसा ठोकला.

संध्याकाळी पंत त्याला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नी इंदिराबाईंनी ओसरीवर पान मांडलं, पिठलं-भात वाढला. मीठ कमी पडलं का, त्यांनी विचारलं. हौशीरामला सांगता येईना. पुढ्यातलं त्यानं सगळं संपवलं. भात हवा का म्हटल्यावर पान थोडं पुढं सरकवलं.