पाटावरची अकरा माणसं

सात वर्षं मी परदेशी बातमीदारांचा दुभाष्या होतो. त्याआधी जलालाबादच्या शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. सात वर्षांत मी कितीतरी बातमीदार पाहिले. विमानातून उतरतानाच निम्म्यांच्या डोक्यात बातमी लिहून तयार असायची. तीत घालायला एखादा म्हातारा किंवा एखादी विधवा तेवढी मी शोधून द्यायची.

डेरेक त्यातला बरा म्हणायचा. निदान बूट काढून घरात यायचा. त्याच्याबरोबर फोटो काढणारी लिनेट होती.

त्या वसंतात लघमानमधल्या स्पिनकलै गावची माणसं पाटातला गाळ काढायला गेली होती. दरवर्षी बर्फ वितळायच्या आधी घरटी एक माणूस फावडं घेऊन जातो, तशीच. वरून विमानाने पाहिलं. खाली माणसं खणताहेत, म्हणजे रस्त्यात सुरुंगच पेरत असणार, असं वरच्यांनी ठरवलं आणि बॉम्ब टाकला. अकरा माणसं मेली. संध्याकाळी परदेशी फौजेचं पत्रक निघालं : अकरा सशस्त्र बंडखोर ठार.

आम्ही पोचलो चौथ्या दिवशी, कारण डेरेकला गाडीचा विमा उतरवल्याशिवाय निघता येत नव्हतं.

गावचा मलिक, म्हणजे मुखिया, साहिबजान आम्हाला आधी पाटावर घेऊन गेला. त्याचे दोन पुतणे त्यात गेले होते. फावडी तिथेच पडलेली होती, काहींचे दांडे जळून गेले होते. डेरेकने स्वतः वाकून ती मोजली. अकरा. एकही बंदूक नव्हती. त्याने वहीत लिहून घेतलं, मी बाजूलाच उभा होतो.

मग मलिकच्या अंगणात तोरपेकैला बोलावलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, गावची सुईण. सगळे तिला अदे म्हणायचे, म्हणजे आई. तिचा धाकटा मुलगा ज़मरक पाटावर गेला होता. ती भिंतीला टेकून बसली, चादर हनुवटीपर्यंत ओढलेली, डोळे कोरडे.

"विचार तिला, कसं वाटतंय," डेरेक म्हणाला.

मी विचारलं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "त्यालाच विचार. त्याच्या आईला मुलगा चादरीत गोळा करून आणून दिला असता, तर तिला कसं वाटलं असतं?"

मी इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, फार दुःख झालंय."

सात वर्षांत ही सवय लागली होती. खरं सांगितलं की साहेब बिथरतात आणि मग गावालाच त्रास होतो, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. खरं तर काम जायची भीती होती.

"गावात तालिबान येतात का?" डेरेकने विचारलं.

"येतात की. गेल्या जुम्म्याला नान मागायला आले होते. त्याच्या आदल्या जुम्म्याला सरकारी शिपाई आले होते, तेही नानच मागायला. दोघांनी माझी एकेक कोंबडी नेली. याला सांग, कोंबड्यांची नावंही बंडखोरांत घाल."

"ती म्हणते, दोन्ही बाजूंचा त्रास आहे," मी म्हणालो.

लिनेट कॅमेऱ्यातून डोकं वर काढत डेरेकला हळूच म्हणाली, "हिचा चेहरा रागीट दिसतोय. दाराजवळची ती दुसरी छान रडतेय. तिला बसवू या का?"

यावर तोरपेकै बोलली. स्वच्छ इंग्रजीत.

"तिला बाळाला पाजायचंय, तिला सोडा. रडणं हवं होतं तर पहिल्या दिवशी यायचं होतं."

लिनेटचे कान लाल झाले. पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीत परदेशी डॉक्टरणींच्या हाताखाली तोरपेकैने बारा वर्षं बाळंतपणं केली होती, हे मला मलिकने मागाहून सांगितलं.

मग ती माझ्याकडे वळली. आता पश्तोत. "आणि काय रे मास्तर, दुःख झालंय असं मी कधी म्हटलं?"



तिने डेरेकला वही उघडायला लावली आणि अकरा नावं सांगितली, बापाच्या नावासकट. ज़मरक. मीरबत. खान वली, सत्तर वर्षांचा, त्याला ऐकू येत नव्हतं. तोता खान, सोळा वर्षांचा. "यातले चार मी माझ्या हातांनी जगात आणलेत," ती म्हणाली. "नीट लिही. आता वाचून दाखव." डेरेकने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने चूक सुधारली.

परतताना डेरेक गाडीत खुशीत होता. "काय बाई मिळाली," तो सारखा म्हणत होता. जणू रस्त्यात सापडली होती.

दहा दिवसांनी बातमी आली. मथळा होता, इंग्रजी बोलणारी सुईण. तिचे डोळे, तिचे सुरकुतलेले हात, वेलची घातलेला हिरवा चहा, छावणीतली बारा वर्षं. पाट सहाव्या परिच्छेदात आला. मृत बंडखोर असल्याचं फौजेने सांगितलं, गावकऱ्यांनी ते नाकारलं, आणि दोन्ही दाव्यांची स्वतंत्रपणे खातरजमा होऊ शकली नाही. नाव एकाचंही नव्हतं. ज़मरकही नुसताच 'तिचा मुलगा' होता.

मी फोन केला. "फावडी तू मोजली होतीस," म्हणालो.

"समतोल ठेवावा लागतो, मित्रा. नावं होती मूळ मजकुरात. जागेअभावी कापली."

चहाला जागा होती.

तोरपेकैच्या घरी जाऊन मी सगळं तिला वाचून दाखवलं. मलिकही आला होता. तो तिला म्हणाला, "तुझा फोटो आला अदे. माझ्या पोरांचं काय आलं?" तिला ते लागलं. गावात आठवडाभर बायका तिच्याशी तुटक बोलत होत्या.

तिने स्वतः वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, अकरा नावांसह. महिन्याने दुरुस्ती छापून आली : सुईणीचं वय सत्तावन्न नसून बावन्न आहे, आणि गाव लोगरमध्ये नसून लघमानमध्ये आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.

"बघ," ती म्हणाली, "पाच वर्षं परत दिली मला."

हिवाळ्यात डेरेकचा फोन आला. त्या बातमीला कसलासा पुरस्कार मिळाला होता. समारंभात वाचायला अदेकडून दोन ओळी हव्या होत्या. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "अकरा नावं वाच म्हणावं. दुसरं काही नको." मी कळवलं. डेरेक जरा घुटमळला. "संध्याकाळ भावनिक असते. नुसती यादी वाचली तर लोक कंटाळतील."

समारंभाची चित्रफीत मी पाहिली. काळ्या कोटात उभा राहून त्याने डोळे पुसले आणि तो म्हणाला, "तोरपेकैचा निरोप आहे, जग आपलं ऐकतंय याबद्दल ती कृतज्ञ आहे." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तोरपेकैला ती दाखवायची नाही असं मी ठरवलं होतं. पण तिच्या भाच्याने मोबाईलवर दाखवली. तिचा फोन आला.

"कृतज्ञ?" ती म्हणाली. "हे तो तुझ्याकडूनच शिकला, मास्तर."

तिने जास्त बोलून मला सोडवलं नाही. फोन ठेवला.

वसंतात डेरेक परत आला. या खेपेला कुनारमध्ये पाच जण मेले होते, लाकडं आणायला गेलेले. मी गेलो. एका म्हाताऱ्याचा जावई त्यात होता. डेरेकने विचारलं, कसं वाटतंय. म्हातारा पाव तास बोलला. डेरेकचं वर्तमानपत्र, त्याची वही, त्याचा चष्मा, त्याला घेऊन येणारा मी, कुणालाच त्याने सोडलं नाही. मी एकेक शब्द इंग्रजीत सांगितला, मला घातलेल्या शिव्यांसकट. डेरेकचं पेन मध्येच थांबलं.

"हे सगळं तो म्हणाला?"

"हो. अजून संपलेलं नाही," मी म्हणालो.

जलालाबादला पोचल्यावर त्याने माझ्याशी हात मिळवला आणि कळवतो म्हणाला. आठवड्यात त्याने दुसरा दुभाष्या ठेवला. माणूस फार गोड इंग्रजी बोलतो म्हणतात.