गोजराबाईची साक्ष

वाशीमच्या फुटबॉलच्या मैदानाला लागूनच गोजराबाईचा मळा होता. मध्ये कुंपण नव्हतं, गुडघाभर उंचीचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, तेवढा होता. त्यामुळे चेंडू मेथीत यायचा. पहिल्या हिवाळ्यात गोजराबाईने दोन चेंडू धरून ठेवले आणि मागायला आलेल्या पोरांना वाफ्यांची नासाडी दाखवून चांगलं सुनावलं. दुसऱ्या हिवाळ्यात चेंडू परत देताना ती विचारू लागली, "मंग आता हा तुमचा का त्याइचा? अन् कोपऱ्यातून कायले मारून राह्यले?" तिसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे एकोणीसशे अडतीस साली, सामना असला की ती भाजी खुडायचं काम धुऱ्याजवळच काढायची. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता तिची नजर मैदानावर असायची.

पुरुष मंडळी समोरच्या बाजूला, सडकेकडे बसत. धुऱ्याच्या बाजूला ती एकटीच.

तिचा नवरा रंगराव याला या खेळाचं काही नव्हतं. "एका चेंडूसाठी बावीस माणसं," असं म्हणून तो मोटेकडे जायचा.

गोजराबाईचा जीव जिनवाल्यांच्या संघावर होता. गावातल्या एका जिनात कापसाच्या गाठी वाहणारे, सरकी भरणारे हे गडी. अनवाणी खेळायचे. मोहनसिंग मुकादम त्यांचा कप्तान. पण तिच्या लेखी संघ म्हणजे सोमला. तांड्यावरचा हा उंच, अबोल गडी मागे बॅकला उभा राहायचा. चेंडू मळ्यात आला तर तो घ्यायला बहुधा सोमलाच येई, आणि वाफ्यांच्या वरंब्यावरूनच पाय टाकत येई. एक पान मोडायचा नाही. गोजराबाईने हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं.

त्या माघात, विजेत्या संघाला मिळणाऱ्या ढालीचे सामने सुरू झाले. जिनवाले उपांत्य सामन्यापर्यंत पोचले. समोर अकोल्याचा एक क्लब होता, बूट घालून खेळणारा. पंच होते राजूरकर मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि डोळ्यांवर सुतळीने मागे बांधलेला चष्मा.

जिनवाल्यांनी एक गोल केला आणि पुढे खेळाचा तास जवळजवळ संपत आला. शेवटची पाच-सात मिनिटं उरली असतील. अकोल्याचा एक चपळ गडी चेंडू घेऊन धुऱ्याच्या कडेने धावत आला. सोमला त्याच्या बरोबरीने धावत होता. गोजराबाईपासून दहा पावलांवर तो गडी आडवा झाला, तोंडावर आपटला आणि त्याचा ओठ फुटला.

मास्तर मैदानाच्या मध्यातून धावत आले. शिट्टी वाजली. रक्त पाहिलं, बाजूला उभा सोमला पाहिला, आणि त्यांनी बोट सडकेकडे केलं. सोमला बाहेर.

सोमलाने दोन्ही हात पसरले. "म्या पाय नाई लावला, मास्तर."

"बाहेर हो म्हणतो ना मी."

सोमला गेला. सडकेकडून असा गलका उठला की बांधलेले बैल बुजले. कोणी मास्तरांच्या चष्म्यावर बोलला, कोणी अकोल्याहून आलेल्या पेढ्यांवर. अकोल्याची फ्री किक वरून गेली, जिनवाल्यांनी दहा जणांत उरलेला वेळ काढला आणि सामना जिंकलाही; पण जिंकल्याचा आनंद कोणाला झाला नाही. मास्तर मान खाली घालून घरी चालले, तेव्हा शे-दीडशे माणूस त्यांच्या मागून बोलत चाललं होतं.

दिवे लागायच्या आत सामन्यांची कमिटी बसली. कमिटीचे सेक्रेटरी बबनराव हे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी निकाल लिहिला: सोमलाने दांडगाई केली, सबब या साली त्याला खेळता येणार नाही. अंतिम सामना रविवारी होता. जिनात ही बातमी पोचली तेव्हा मोहनसिंग म्हणाला, "सोमला नाई तं आमी बी नाई. ढाल ठेवा म्हणा कपाटात."

गोजराबाईने हे दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात ऐकलं. ती तशीच घरी आली. रंगराव मोटेचा नाडा दुरुस्त करत बसला होता.

"त्या सोमलाचं काई खरं नाई," ती म्हणाली. "वर्षभर बंद केला त्याले."

"मंग केला असन."

"त्यानं पाय लावलाच नाई. तो गडी आपल्या पान्यावर घसरला."

रंगरावाचा हात थांबला. मळ्याच्या खालच्या वाफ्यांना जाणारा पाट धुऱ्याच्या पलीकडून, मैदानाच्या कडेने जात होता. जागा कमिटीची. गेल्या दिवाळीत बबनरावांनी बजावून सांगितलं होतं की मैदानात पाण्याचा थेंब दिसला तर पाट बुजवू. आणि सामन्याच्या दिवशी दुपारी पाट फुटला होता. गोजराबाईने चिखलाचा बोळा लावून तो बंद केला, पण तोवर चार हात जमीन भिजली होती.

"तू कोनापाशी बोलली काय?" रंगरावाने विचारलं.

"नाई अजून."

"मंग बोलू बी नको. पाट गेला तं खालचे सात वाफे गेले. वांगे, मुळे, सारं. सोमला काय आपल्याले भाकर देनार हाये?"

रंगराव खोटं बोलत नव्हता. सात वाफे म्हणजे अर्धा मळा. दिवसभर तिने काम केलं, संध्याकाळी भाकरी थापल्या, आणि तिला सारखा दिसत राहिला तो दोन्ही हात पसरून उभा असलेला सोमला. आपण दहा पावलांवर होतो. सगळ्या गावात दहा पावलांवर दुसरं कोणी नव्हतं.

सकाळी टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली तेव्हा तिने रंगरावाला सांगितलं, "मी मास्तरच्या घरी जाऊन राह्यली. सांगून जातो म्हटलं, मागून माहीत होन्यापेक्षा."

रंगरावाने खांद्यावर नाडा टाकला. मग म्हणाला, "तुले कोनी थांबवलं हाये आजवर?" आणि मोटेकडे निघून गेला.

मास्तर ओसरीवर भूगोलाच्या वह्या तपासत होते. त्यांच्या पत्नी प्रयागबाई भाजी घ्यायला बाहेर आल्या. गोजराबाईने टोपली उतरवली, पण भाजी दाखवली नाही.

"मास्तर, परवा सोमलानं पाय नाई लावला."

मास्तरांनी वही मिटली. दोन दिवसांत हे वाक्य त्यांनी पन्नास जणांकडून ऐकलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे शिवीही जोडली होती. "बाई, सारं गाव हेच म्हणतं. सारं गाव सडकेवर बसलं होतं, शंभर हातांवर. मी जवळ होतो."

"तुमी मैदानात मधात होते. मी दहा पावलांवर होती."

"पडलेला माणूस मी पाहिला. आपोआप कोणी पडतो का?"

"घसरला तो. तिथं ओल होती."

"माघात ओल कुठून आली?"

गोजराबाईने प्रयागबाईंकडे एकवार पाहिलं आणि सांगून टाकलं. "आमचा पाट फुटला होता. तुमी चला अन् पाहा. काळी माती हाये, ते काई पुसत नाई इतक्या लवकर."

मास्तरांनी आधी नको म्हटलं. पंचाचा निर्णय झाला की झाला, असंही म्हणाले. प्रयागबाई दारातच उभ्या होत्या. "दोन रात्री झोप नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "जाऊन पाहायला काय जातं?"

मास्तरांनी छत्री घेतली.

मैदानावर कोणी नव्हतं. धुऱ्याजवळ गोजराबाईने बोट दाखवलं. ओल वाळून माती कडक झाली होती आणि तिच्यात सगळं जसंच्या तसं उमटलेलं होतं. एका बुटाची हातभर लांब घसरण. बुटाच्या तळाला ठोकलेल्या चामड्याच्या गोल गुंड्यांच्या चार रेघा, नांगराच्या तासासारख्या सरळ. पुढे दोन तळव्यांचे ठसे, पडताना टेकलेले. आणि बाजूला अनवाणी पावलं, मोठी, पाचही बोटं उमटलेली.

मास्तर उकिडवे बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग छत्री आडवी धरून त्यांनी बुटाच्या घसरणीपासून अनवाणी पावलापर्यंतचं अंतर मोजलं. एक छत्री भरली, आणि वर वीतभर राहिलं.

"इतक्या लांबून पाय लागत नाही," ते हळूच म्हणाले.

"तेच सांगून राह्यली ना मी."

मास्तर उठले तेव्हा धोतराला माती लागली होती, ती त्यांनी झटकली नाही. "रक्त दिसलं आणि मी ठरवून टाकलं," ते म्हणाले. "लाथ मी पाहिलीच नव्हती." मग छत्री उचलून, "पाण्याचं मला कमिटीपुढे सांगावं लागेल. त्याशिवाय बाकीचं कोणाला पटणार नाही."

"सांगा," गोजराबाई म्हणाली. "मी बी येतो."

कमिटी त्याच दिवशी दुपारी बसली. एवढ्या पुरुषांपुढे गोजराबाई पहिल्यांदाच उभी राहिली होती. तिने पदर सावरला आणि जे पाहिलं ते सांगितलं, पाट कधी फुटला इथपासून. मास्तरांनी छत्रीने घेतलेलं माप सांगितलं आणि एक कागद पुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं की निर्णय चुकला, चूक माझी आहे.

बबनरावांना ते आवडलं नाही. "मास्तर, असं केलं तर उद्या शिट्टीला कोण मानेल? दर सामन्यानंतर कोणी ना कोणी बाई टोपली घेऊन येईल."

"आली तर आपण जाऊन पाहू," मास्तर म्हणाले. "शिट्टी वाजली ती वाजली, तो खेळ काही परत होत नाही. पण वर्षभराची बंदी आपण कागदावर लिहिली आहे. कागदावरचं खोडता येतं."

दोघेजण जागेवर जाऊन ठसे पाहून आले. ते आल्यावर बबनरावांनी दौत ओढली, सोमलाच्या बंदीवर काट मारली आणि चष्म्यावरून गोजराबाईकडे पाहिलं.

"आता पाटाचं."

ती वाट पाहत उभी राहिली.

"बुजवणार असं मी म्हणालो होतो. पण ज्यांनी सांगितलं त्यांनाच शिक्षा केली तर पुन्हा कोणी सांगणार नाही. रविवारच्या आत पाट धुऱ्याच्या आतून घ्या. तुमच्या जागेतून, तुमच्या मेहनतीने. नाही जमलं तर मग बुजवतो."

रविवारला तीन दिवस होते. पाट आतून घ्यायचा म्हणजे दीडशे हात नवं खणायचं. रंगरावाने ऐकलं आणि कुदळ घेतली. एक दिवस तो एकटाच खणत राहिला. दुसऱ्या दिवशी जिनाचा भोंगा झाल्यावर सोमला आला, त्याच्या मागे मोहनसिंग, आणि त्यांच्या मागे सगळा संघ. कोणी घमेली आणली, कोणी फावडी. सोमला गोजराबाईपुढे येऊन उभा राहिला. त्याने रंगरावाच्या हातातली कुदळ घेतली आणि खणायला लागला.

अंधार पडायच्या आत काम संपलं. नव्या पाटातून पाणी खालच्या वाफ्यांपर्यंत पोचलं, तेव्हा रंगराव काठावर बसून ते पाहत राहिला. "जुन्याहून उतार चांगला हाये याले," तो म्हणाला. गोजराबाईने सगळ्यांना भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं.

रविवारी अमरावतीचा संघ आला. सामना फार चांगला झाला. पूर्वार्धात अमरावतीने गोल केला, उत्तरार्धात मोहनसिंगने तो फेडला. सोमलाने मागची बाजू अशी धरली की त्या अंगाने कोणी आतच आलं नाही. मग शेवटी शेवटी, अमरावतीच्या गोलासमोर, त्यांच्या एका गड्याच्या कोपराला चेंडू लागला. सडकेकडचे सगळे उभे राहिले. मास्तरांसमोर तीन-चार गडी होते. शिट्टी वाजली नाही.

धुऱ्यावर बसलेला रंगराव उठून उभा राहिला. नव्या पाटाचं पाणी कसं वागतं ते पाहायला आलो, असं सांगून तो आला होता. "अहो मास्तर," तो ओरडला, "हात व्हता ना थो!"

गोजराबाईने वळून नवऱ्याकडे पाहिलं. "तुमाले काय समजते त्यातलं?"

"हात समजते मले. आंधळा हाये काय मी?"

जादा वेळ खेळूनही बरोबरीच राहिली. उजेड गेला, तेव्हा कमिटीने ठरवलं की ढाल सहा-सहा महिने दोघांनी ठेवावी. नाणं उडवलं, आणि पहिले सहा महिने जिनवाल्यांना मिळाले.

दुसऱ्या दिवशी जिनाला सुट्टी होती. ढाल बैलगाडीवर उभी करून ताशे वाजवत गावभर फिरवली. मास्तर मागून चालत होते; त्यांच्याशी मंडळी बोलत होती, पण जरा तोलून. कोपराचा विषय सकाळपासून चालूच होता. गाडी मळ्याशी आली तशी मोहनसिंगने थांबवली. "गोजराबाई, पयलं कुंकू तुमी लावा."

तिने हात धुतले, ढालीला हळद-कुंकू वाहिलं, बैलांना मुळ्याचा पाला घातला. मग ती गाडीच्या मागे गेली आणि मास्तरांसमोर उभी राहिली.

"मास्तर, काल तो हात व्हता."

"मला दिसला नाही, बाई. मध्ये माणसं होती."

"एका अंगाले सरकाले पाह्यजे होतं तुमी. चेंडू गोलापाशी असला की तुमी लय मांगं राहता. तीन वर्षांपासून पाहून राह्यली मी."

सगळे ऐकत होते. मास्तर एक पाऊल पुढे आले. "कुठल्या अंगाला?" त्यांनी विचारलं.

गोजराबाईने ओल्या हातानेच सडकेच्या धुळीत चौकोन काढला, त्यात गोलाचे दोन खांब उभे केले आणि मास्तरांनी कुठे उभं राहायला पाहिजे तिथे एक काडी रोवली. मास्तर वाकून पाहू लागले. सोमलाही गाडीवरून उतरला. ताशेवाल्यांनी काड्या काखेत धरल्या, आणि बैल पाला संपवेपर्यंत मिरवणूक तिथेच थांबून राहिली.