मेमरीची दुसरी पट्टी

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. "ये बाई लवकर. तुझ्या वहिनीने कॉम्प्युटरचा मुडदा पाडलाय."

आवाजात हसू होतं. दादा भडकायच्या आधी हसतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मी दुरुस्तीच्या दुकानात काम करते. आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या बंद पडलेल्या मशिनी उघडायच्या आणि सातव्या दिवशी घरच्यांच्या. पिशवीत पेचकस, ब्रश, खोडरबर आणि तपासणीचा पेन ड्राइव्ह टाकला आणि निघाले.

दार वहिनीने उघडलं. तिचा खालचा ओठ फाटला होता, रक्त नुकतंच थांबलेलं. डाव्या गालावर चार बोटं उमटली होती.

"कपाटाचं दार लागलं," मी काही विचारायच्या आत ती म्हणाली.

"कपाटाला बोटं असतात का वहिनी?"

"हळू बोल." तिने मागे पाहिलं.

आतल्या खोलीत दादा खुर्चीवर बसला होता. उजव्या मुठीला रुमाल गुंडाळलेला. टेबलाखाली नव्या मॉनिटरचा चुरा झाडून एका कोपऱ्यात लोटला होता आणि टेबलावर माळ्यावरचा जुना मॉनिटर आणून ठेवला होता. दादा जमिनीच्या मोजणीचे नकाशे काढतो. घरी बसून आठ-आठ तास रेघा ओढतो. तीन आठवडे झाले, या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कधीही मधेच बिघाडाची निळी पाटी यायची आणि नकाशा जायचा.

"दुपारी मी साइटवर गेलो की ही बसते त्यावर," दादा म्हणाला. "शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासते म्हणे. काय काय दाबते देव जाणे. मी घरात शिरलो की मशीन आजारी. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!"

"पाटीवर दर वेळी तोच मजकूर येतो की वेगवेगळा?" मी विचारलं.

त्याने लिहून ठेवलं होतं. कामाच्या बाबतीत तो पक्का. सात वेळा निळी पाटी, सातही वेळा मजकूर वेगळा. शिवाय सेव्ह केलेल्या दोन फायली उघडेनात. एखादा प्रोग्रॅम बिघडला तर तो बहुधा एकाच जागी अडखळतो. कॉम्प्युटर असा भरकटल्यासारखा वागायला लागला की मी आधी रॅम पाहते. कॉम्प्युटर काम करताना सगळं ज्या पट्टीवर मांडून ठेवतो, ती पट्टीच दगा देत असेल तर वरचं काहीच खरं नाही.

"मशिनीत अलीकडे काही नवीन घातलंस?"

"मेमरी वाढवली. ऑफिसातल्या एकाने त्याच्या जुन्या मशिनीतली पट्टी दिली. मीच बसवली."

"कधी?"

दादा मुठीवरचा रुमाल घट्ट करू लागला. दारात उभी असलेली वहिनी म्हणाली, "तीन आठवड्यांपूर्वी. मी सांगितलं होतं, ती बसवल्यापासूनच—"

तिने वाक्य पुरं केलं नाही. नंतर कळलं, हेच वाक्य तिने त्याच सकाळी पुरं केलं होतं, आणि त्याचीच ती चार बोटं होती.

इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी. आमचे बाबा वायरने मारायचे. मी सात वर्षांची असताना माझ्या हातून त्यांचं घड्याळ पडलं, तेव्हा चौदा वर्षांचा दादा माझ्यावर आडवा पडला आणि सगळे वळ त्याने पाठीवर घेतले. त्या एका दुपारच्या पुण्याईवर मी त्याला वर्षानुवर्षं माफ करत आले. वहिनीच्या अंगावरचे डाग मला दिसत नव्हते असं नाही. मी पाहायचे आणि चहा पिऊन घरी यायचे. त्या दिवशी मात्र मला वाटलं, माझ्या हातात आता पुरावा येणार आहे. दोष पट्टीचा निघाला की दादा काय म्हणणार? माणूस हिशेबी आहे, नकाशावर बोटभर चूक झाली तरी पुन्हा काढतो. मानेल.

मी प्लग काढला, धातूला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण काढून भिंतीला टेकवलं. आत दोन पट्ट्या शेजारी शेजारी. दोन्ही काढल्या, सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, धूळ झटकली, टक् आवाज येईपर्यंत दाबून पुन्हा बसवल्या. कधीकधी एवढ्यानेच भागतं. पेन ड्राइव्ह लावून तपासणी सुरू केली. ही तपासणी विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालते. मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहायचं, परत वाचायचं, आणि जुळलं नाही की लाल ओळ.

सहाव्या मिनिटाला लाल ओळी धो धो वाहायला लागल्या.

"म्हणजे?" दादा खांद्यावरून वाकला.

"म्हणजे मेमरीतच दोष आहे. कुठली पट्टी, की पट्टी बसते तो स्लॉट, ते आता बघायचं. एकेक करून."

जुनी, मशिनीतली मूळची पट्टी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये घातली. चाळीस मिनिटं लागणार होती. दादा येरझाऱ्या घालत होता. मग तो स्वयंपाकघरात गेला. आधी हसू ऐकू आलं. मग भांडं पडल्याचा आवाज, मग काहीतरी जड, मऊ भिंतीवर आपटल्याचा, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. वहिनी ओरडली नाही. मी पडद्यावरचे आकडे पाहत बसले. सदतीस टक्के. अडतीस टक्के. उठले नाही. हे मी कोर्टातही सांगितलं आणि इथेही सांगते, मी उठले नाही.

पट्टी निर्दोष निघाली. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली. दादा सिगारेट आणायला खाली उतरला आणि मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याला धरून उभी होती, एक हात बरगडीवर.

"काय निघतंय?" तिने विचारलं.

"त्याने आणलेली पट्टी खराब आहे बहुतेक. तुझा काही संबंध नाही वहिनी. मी त्याला डोळ्यांनी दाखवते."

तिने माझा दंड धरला. "नको दाखवूस. धूळ होती म्हण. नाहीतर मीच काहीतरी दाबलं म्हण. ती पट्टी गुपचूप काढ आणि जा."

"खोटं का सांगू? मार तू खातेस, दोष त्याचा!"

"माझा दोष असला की तो पाच मिनिटं मारतो," वहिनी म्हणाली. "त्याचा असला की थांबत नाही."

मी ऐकलं नाही. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं चांगलं पटायचं, पण मला तिच्यापेक्षा जास्त कळतं असा माझा समज होता.

स्लॉटही चांगला निघाला. आता दादाची पट्टी, पहिल्या स्लॉटमध्ये, एकटी. दादा शेजारी येऊन बसला. चौथ्याच मिनिटाला लाल. दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली. लाल.

"बघ," मी म्हणाले. "जुनी पट्टी दोन्हीकडे चालते, ही दोन्हीकडे फेल. तू आणलेली पट्टीच खराब आहे दादा. ही काढून टाकली की मशीन ठणठणीत. वहिनीने काहीही केलेलं नाही."

दादा हसला. "परत लाव."

"तीनदा झालं."

"परत लाव म्हणतोय ना."

परत लावली. परत लाल. तो पडद्याकडे बघत राहिला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. मग तो शांतपणे उठला, दारात येऊन उभ्या राहिलेल्या वहिनीचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दात मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"तूच शिकवलंस ना हिला?" तो तिच्यावर ओरडला. " बोल! दोघी मिळून माझं हसं करता?"

दुसऱ्यांदा आपटायला त्याने तिचं डोकं वर उचललं, तेव्हा मी त्याच्या हाताला लोंबकळले. त्याने माझी बोटं पकडून मागे मोडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं, दोन्ही काडीसारखी वाजली. मी खाली बसले. पोटात लाथ बसली, मग छातीत. माझ्यावर त्याने कधी हात उचलला नव्हता, म्हणून पहिल्या दोन लाथा मला खऱ्याच वाटेनात. मग तो माझ्या छातीवर बसला आणि दोन्ही अंगठे गळ्यात रुतवले. चेहरा अगदी जवळ. बाबांचाच चेहरा, फक्त मिशी नाही. मला वाटलं आता जीव जाणार, आणि ते त्याला कळणारही नाही.

वहिनीने भिंतीला टेकवलेलं पत्र्याचं झाकण उचललं. स्वतःला वाचवायला तिने लग्नाच्या सहा वर्षांत एक पेलाही उचलला नव्हता. दोन्ही हातांनी, कडेच्या बाजूने, तिने ते दादावर घातलं. पहिला घाव खांद्यावर बसला. तो वळला तसा दुसरा भुवईवर. कातडी फाटून पापणीवर लोंबली. तो "आई गं" करून माझ्यावरून बाजूला कोसळला.

"वहिनी, पुरे!"

तिला ऐकू आलं नाही. तिसरा घाव कानावर. पत्र्याच्या धारेने तिचेच तळवे चिरले होते, पकड निसटत होती, तरी तिने चौथ्यांदा झाकण उचललं. मी धडपडत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली, तेव्हा झाकण तिच्या हातांतून गळून पडलं.

दादा कान दाबून रडत होता. कीबोर्डवर, भिंतीवर, त्या हिरव्या पट्टीवर, सगळीकडे रक्त. आमच्यापैकी कोणाचं कुठलं, सांगता आलं नसतं. अॅम्ब्युलन्सला फोन मीच केला, डाव्या हाताने.

दवाखान्यात दादाला एकोणीस टाके पडले. त्याने पोलिसांना सांगितलं, "दोघींनी मिळून मला मारायला घेतलं." चोराच्या उलट्या बोंबा, पण अंगावर जखमा त्याच्याही होत्या. वहिनी त्या आरोपातून वाचली ती एक्स-रेमुळे. तिच्या छातीत आधी कधीतरी मोडून वाकड्या जुळलेल्या तीन बरगड्या होत्या. मनगटात एक जुनी भेग होती. डॉक्टरीण बाईंनी प्रत्येक जुन्या जखमेचं अंदाजे वय लिहून दिलं.

जबाब घेताना हवालदार मला म्हणाला, "भांडणाचं मूळ कारण काय?" मी पट्टी, स्लॉट, लाल ओळी, सगळं सांगायला लागले. तो लिहिता लिहिता थांबला. "मॅडम, नक्की कारण काय लिहू?"

ओठांवर कापूस धरून बसलेली वहिनी बोबडं बोलली, "कारण नव्हतं. लिहा तसं. कारण कधीच नव्हतं."

त्याने तसं लिहिलं की नाही, मी पाहिलं नाही.

आईचा फोन तिसऱ्या दिवशी आला. "एवढ्याशा तुकड्यावरून भावाचं घर मोडलंस? खोटं बोलली असतीस तर काय जीभ झडली असती?" मी फोन ठेवला. वहिनीही मला हेच म्हणाली होती, आणि तरी दोघींचं म्हणणं एक नव्हतं.

दादाला शिक्षा झाली. कमी झाली असं मला वाटतं, जास्त झाली असं आईला. वहिनी आठ महिने माझ्याकडे राहिली. दुपारी माझ्याच लॅपटॉपवर प्रुफं तपासायची. सुरुवातीला मी खोलीत शिरले की हात कळांवरून उचलून मांडीवर घ्यायची. एकदा मी चिडून म्हणाले, "अगं, मी काय करणार आहे तुला?" ती म्हणाली, "त्या दिवशी तू शेजारच्या खोलीत होतीस. सगळं ऐकत होतीस."

मी हो म्हणाले. तिने हात पुन्हा कळांवर ठेवले आणि वाचत असलेल्या पानातली एक चूक मला दाखवली. एका परिच्छेदात 'नदी'चा 'नादी' झाला होता. तिला हसू आलं. मलाही आलं.

पुढच्या महिन्यात तिने स्वतःची खोली घेतली. मी सामान पोचवायला गेले. माझी दोन बोटं अजून नीट मिटत नव्हती, म्हणून जड खोकं तिनेच उचललं.