चाचणीसाठी अम्मीचं नाव

हादियाला कुणी क्लास लावून दिला नव्हता. पनवेलमध्ये क्लास ढीगभर, पण सगळे टॅलीचे आणि टायपिंगचे. मोबाइलची ॲप बनवायचं फ्लटर नावाचं हे नवं प्रकरण तिने जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघत, डोकं फोडून घेत स्वतःच शिकून काढलं. ओपन सोर्स, म्हणजे फुकट. कोड एकदाच लिहायचा, तोच अँड्रॉइडवर चालणार आणि तोच आयफोनवर. तिला तर दोन्ही हवे होते. मोहल्ल्यात सगळ्यांच्या हातात अँड्रॉइड, आणि आखातात गेलेल्या आमच्या शहाण्यांना आयफोनशिवाय चैन पडत नाही!

ॲप कसलं, तर मयतीच्या खबरीचं. हसू नका. दोन वर्षांपूर्वी तिचे अब्बा गेले तेव्हा मशिदीच्या भोंग्यावरून अख्ख्या मोहल्ल्याला कळलं, पण दोहाला असलेल्या तिच्या भावाला, अलीला, चार तासांनी कळलं. तेही उडत उडत. खरं की खोटं हे विचारायला तो फोन करत बसला आणि विमान चुकलं. मयत कुणासाठी ताटकळत ठेवायची पद्धत नाही. तो घरात शिरला तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत येऊन चहा पीत होती. बापाला मूठभर मिट्टी देता आली नाही, हे त्याच्या काळजाला लागलं. वर रजा न घेता गेला म्हणून कंपनीने लेखी दम भरला, पुन्हा असं केलंस तर परत येऊ नकोस. आणि घरात कमावता तो एकटाच.

भाईवर पुन्हा ती वेळ येऊ द्यायची नाही, या एका हट्टापायी हादिया शिकत होती.

अँड्रॉइडवर पंधरा दिवसांत काम झालं. आयफोनने मात्र छळ मांडला. चाचणीच्या यादीत चार फोन होते. तिचा, अम्मीचा, मैत्रीण दिपिकाचा आणि अलीचा. पहिले दोन अँड्रॉइड, उरलेले आयफोन. निरोप पाठवला की पहिले दोन टिंग करायचे आणि दिपिकाचा मख्ख. अलीकडूनही काही नाही. असे तीन महिने गेले. पुढे पुढे तर अली यादीत आहे हेच ती विसरून गेली.

एका रविवारी दुपारी दिपिका ऑफिसचा मॅक घेऊन घरी आली. दोघींनी मिळून शोधलं, आयफोनला निरोप धाडायची किल्ली, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक क्रमांक, चुकीच्या जागी भरली होती. एवढीशी चूक, आणि तीन महिने! किल्ली बदलली. आता पाठवून बघायचं.

"टाक कायपण. टेस्ट टेस्ट," दिपिका म्हणाली.

पण हादियाला खरी खबर दिसते तशीच हवी होती. पूर्ण नाव, दफनाची वेळ, सगळं. नाव कुणाचं घालायचं? दुसऱ्या कुणाचं मयतीच्या खबरीत घालायचं? तोबा तोबा! कानावर गेलं तर दारात येऊन भांडतील. घालायचं तर घरातलंच.

अम्मी पीठ मळत होती. "माझं घाल की," ती हसत म्हणाली. "मेल्याची खोटी बातमी पसरली की आयुष्य वाढतं म्हणतात."

हादियाने लिहिलं, 'सकीना हसन मुकादम यांचा इंतकाल झाला आहे. दफन उद्या दुपारी जोहरच्या नमाजानंतर.' बटण दाबलं. दिपिकाचा आयफोन टिंग वाजला आणि दोघी अक्षरशः नाचल्या. अम्मीने गोड शेवया केल्या. गप्पांत तास कसा गेला कळलं नाही.

मग हादियाने स्वतःचा फोन उचलला. आवाज बंद होता. अलीचा मिस्ड कॉल, एकच.

यादीतला चौथा फोन त्याचा होता. तिने फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. शेवटी त्याच्या खोलीत राहणाऱ्याने सांगितलं, रडत रडत एअरपोर्टवर गेलाय, कामावर कुणाला न सांगता. या वेळी तो फोन करत बसला नव्हता.

"अगं, पोरगा येतोय!" अम्मीला आनंदच झाला. नोकरीचं तिच्या डोक्यात आलं नाही, आणि हादियाची सांगायची हिंमत झाली नाही. अम्मीने सकाळी उठून खिमा केला, ठेवणीतला सलवार-कमीजचा जोड काढला.

दहा वाजता रिक्षा थांबली. अली कंपनीच्या गणवेशातच होता, हातात फक्त पासपोर्ट. दारात अम्मी उभी.

तो बघतच राहिला. मग पायरीवर मटकन बसला. हादियाला वाटलं, आता मिठी मारेल, रडेल, निदान मला दोन थोबाडीत देईल. त्याने यातलं काहीच केलं नाही.

"म्हणजे मी उगाच आलो," तो म्हणाला.

अम्मीचा त्याच्या डोक्याकडे गेलेला हात तिथेच थांबला.

"भाई, माझी चूक झाली," हादिया रडत म्हणाली. "चाचणी होती, मी..."

"चालतं तुझं ॲप." त्याने फोन तिच्यापुढे धरला. खबरीच्या खाली कंपनीचा निरोप होता, सामान खोलीतून हलवलं आहे. "दोन्ही लगेच पोचले."

अम्मीला वाचता येत नव्हतं, पण दोघांचे चेहरे बघून तिला कळलं, नोकरी गेली. तिने शांतपणे विचारलं, "मी खरंच गेले असते तर वाईट वाटलं नसतं नोकरीचं, नाही का रे?"

अली "नाही, अम्मी, असं कसं" म्हणाला. पण त्याआधी तो थांबला होता. ते थांबणं हादियाने पाहिलं आणि अम्मीनेही पाहिलं. मग अम्मी आत गेली आणि तिने त्याचं ताट वाढायला घेतलं.